विचारणाऱ्या बाईचा हुद्दा

…आणि वर मलाच चोंबडी म्हणतात! म्हणजे तुम्हीच सांगा, पण हात थांबवू नका, मटर सोलता सोलता ऐका, टोपली भरून आहे अजून… तर मला चोंबडी म्हणतात. जन्मभर मी जबलपूरच्या या गल्लीत कोणाच्या घरी काय शिजलं, कोणाला काय सोसलं नाही, कोणाची सून माहेरी काहून गेली, सगळं विचारलं, आपुलकीनं विचारलं, आणि मिळालं काय? "आल्या सरोजकाकू, दार लोटून घ्या." आणि आमच्या शेजारची मेघना तेच विचारते, अगदी तेच, काय खाता, कधी खाता, कोणी दिलं, पोट साफ होतं का… तर तिला त्याच्यासाठी टेबल, खुर्ची, पांढरा कोट आणि दारावर नावाची पाटी! मी विचारलं तर चोंबडेपणा, तिनं विचारलं तर हुद्दा!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही जळून राहिली. जळून नाही राहिले बाप्पा. मलाच तर सर्वात जास्त आनंद झाला, पेढे पण मीच वाटले, विनताबाईंनी, म्हणजे तिच्या सासूनं, नुसते बत्तासे आणायची तयारी केली होती. पण आनंद झाला म्हणून माणसानं बोलू नये की काय?

तर मेघना. आमच्या भिंतीला तिची भिंत. नवरा फॅक्टरीत, सासू टीव्हीसमोर, आणि ही हॉस्पिटलात औषधं देते. कोणत्या हॉस्पिटलात ते नाही सांगत, तुमच्यातलं निम्मं तिथं भरती होऊन आलेलं आहे. फार्मसीचं मोठं शिक्षण झालेलं, चांगली डिग्री, फोटो लावलाय बैठकीत टोपी घालून. पण बसवलं कुठं? तर तळघरात. तळघरात एक खिडकी, खिडकीला जाळी, जाळीला हात जाईल एवढं भोक. लोकांनी तिचं तोंडच पाहिलं नव्हतं हो. बांगड्या ओळखत. "वो हरी चूड़ी वाली दीदी आज नहीं हैं क्या?" आणि ही आतून काय बोलणार? "पर्ची दिखाइए. ये खाने के पहले. ये खाने के बाद. अगला." बस. दिवसभर तेच. वर्षानुवर्षं तेच. इतकं की घरी वरण वाढायची तर नवऱ्याच्या ताटात वाढलं की तोंडातून निघायचं, "अगला." तो बिचारा वाटी मागेपुढे करत बसायचा.

मग त्या हॉस्पिटलात आल्या नव्या बड़ी मैडम, म्हणजे सगळ्यांच्या वरच्या साहेब. प्रतिमा मॅडम नाव, पण सगळे बड़ी मैडमच म्हणतात. आल्या आल्या तळघरात उतरल्या, जाळीतून वाकून पाहिलं, आणि म्हणाल्या की एवढं शिकलेल्या बायकांना तुम्ही पिंजऱ्यात बसवून दुकान चालवून राहिले? औषधाचं ज्ञान खाली आणि औषध घेणारा माणूस वर, दोघांची भेट कधी व्हायची? उद्यापासून फार्मसिस्टनं वॉर्डात जायचं. डॉक्टरांच्या राउंडला सोबत. पेशंट घरी काय काय घेतो ते विचारायचं, कोणती गोळी कोणत्या गोळीशी भांडते ते पाहायचं, घरी जाताना त्याला समजावून सांगायचं. संक्रांतीपर्यंत करून पाहू. जमलं तर पद पक्कं, वेगळी खोली, बोर्डावर नाव, पगार वेगळा… किती वेगळा ते मी विचारलं मेघनाला, सांगितलं नाही… आणि नाही जमलं तर परत खिडकी.

आता तुम्हाला वाटेल, पोरगी उड्या मारत असेल. मलाही तसंच वाटलं. पण एक दिवस पाहते तर काय, हिनं स्कूटी फाटकाशी लावली आणि उतरलीच नाही. हेल्मेट डोक्यात, पर्स गळ्यात, तशीच सीटवर बसून. मी खिडकीत. आता मी काही मुद्दाम खिडकीत नव्हते, कोथिंबीर निवडून राहिले होते, उजेड तिथंच येतो. गेले बाहेर. म्हटलं, काय झालं गं? तर म्हणे, "काही नाही काकू."

काही नाही! अहो, तुम्हाला सांगते, माणूस "काही नाही" म्हणाला ना, की समजायचं आता मोठं काहीतरी येते. फक्त आपण गप्प राहायचं. मी गप्प राहिले. कोथिंबिरीची एक काडी घेतली आणि तिच्यासमोर हळूहळू निवडत बसले. आणि आलं. सगळं आलं. म्हणे, कोणी सांगतच नाही मला काही. मी जाते, उभी राहते, विचारते, "और कोई दवा चल रही है?" ते म्हणतात, "नहीं." संपलं. आणि ते अनुपम सर, डॉक्टर आहेत मोठे, वाईट नाहीत, पण घाईचे, ते सगळ्यांसमोर म्हणाले की मैडम, आप ऊपर हैं तो नीचे स्टॉक कौन देख रहा है? सगळे हसले. काकू, मला परत त्या खिडकीत नाही बसायचं. आणि एवढं बोलून पोरीनं हेल्मेटची काच खाली ओढली, रडू दिसू नये म्हणून. काच ओढली तरी मला दिसतंच ना.

मग काय, मी हात धरला आणि घरात आणली. म्हटलं, बैस. तुला औषध येतं, पण विचारायचं कसं ते नाही येत. आणि विचारायचं कसं ते या जबलपुरात माझ्याइतकं कोणाला येतं?

रोज संध्याकाळी शिकवलं. याच ओसरीवर, जिथं तुम्ही बसून राहिले ना, इथंच. मी खाटेवर झोपायची, पेशंट म्हणून, आणि ती यायची. पहिल्या दिवशी आली आणि उभी राहिली, असं खाली पाहत, "नमस्ते, और कोई दवा चल रही है?" मी तोंड फिरवलं भिंतीकडे. म्हटलं, काहून सांगू मी तुला? तू काय पोलीस आहेस? आधी बैस. स्टूल ओढ. स्टूल नसेल तर पायथ्याशी टेक. उभ्या माणसाला कोणी खरं सांगत नाही, उभा माणूस जायच्या बेतात असतो. मग औषधाचं नाव काढायचं नाही. विचार, अम्मा, बहू कहाँ की है? ती सुनेवर बोलेल, बोलू दे. मग विचार, सुबह उठके पहले मुँह में क्या जाता है? आणि मधेच आपल्या घरचं एखादं लहानसं उघडं कर. आमच्या सासूबाई पण लपवून चूर्ण घेतात, म्हण. ती म्हणे, काकू, पण त्या नाही घेत. मी म्हटलं, घेतात. तर तिला ते पण माहीत नव्हतं! एका घरात राहून!

आणि भुवया. भुवया वर नाही जाऊ द्यायच्या. समोरच्यानं सांगितलं की मी गोळी गाईला चारते, तरी आपण म्हणायचं, अच्छा. नुसतं अच्छा. ते तिला जमेना. मी खाटेवरून सांगायची, "बेटी, मैं तो सारी गोली एकसाथ दूध में घोल के पी जाती हूँ," की हिच्या भुवया गेल्या कपाळावर. परत कर. परत गेल्या. शेवटी मी तिच्या कपाळाला टिकल्यांची पट्टी चिकटवली, भुवई हलली की ओढ लागायची. तेव्हा जमलं.

आणि मग पाहा गंमत! वॉर्डात एक अम्मा होत्या, कांचघर मोहल्ल्याच्या. ब्लडप्रेशर काही उतरेना. डॉक्टर गोळी वाढवून राहिले, अजून वाढवून राहिले, प्रेशर आपलं जिथल्या तिथं. मेघना गेली, टेकली पायथ्याशी, सून कुठली विचारलं. सुनेवर पुष्कळ झालं. मग विचारलं, अम्मा, उपवास रखती हो? तर अम्मा खुलल्या. सोमवार महादेवाचा, मंगळवार मारुतीचा, गुरुवार, शनिवार, एकादशी, प्रदोष, वर आणखी नवस. आणि उपासाच्या दिवशी गोळी? "राम राम बेटी, उपास में अंग्रेज़ी दवा कैसे खाएँगे? पता नहीं किसमें क्या मिलाया हो." म्हणजे आठवड्यात गोळीचे दिवस कमी आणि उपासाचे जास्त! आणि मेघनानं भुवई नाही हलवली. म्हणाली, अच्छा. मग त्या गोळीत काय काय असतं ते तिथंच बसून एकेक समजावलं, अन्न नाही, मीठ नाही, मांस-मच्छी नाही, आणि म्हणाली, "अम्मा, ये तो फलाहारी है." फलाहारी, म्हणजे उपासाला चालणारी! अम्मानं गोळी डोक्याला लावली आणि घेतली. प्रेशर उतरलं, वाढवलेली गोळी कमी झाली. आणि अनुपम सर? दुसऱ्या दिवशी राउंडला स्वतः थांबले, म्हणाले, मैडम को आने दो.

मी ऐकलं तेव्हा आनंदानं दोन हात उडाले माझे, कणीक भिंतीला लागली. आणि ताबडतोब विचारलं, त्या कांचघरच्या अम्मा म्हणजे कोणाच्या? आडनाव काय? सून काय करते म्हणाल्या? तर ही पोरगी माझ्याकडं पाहून हसली, आणि म्हणाली, "काकू, ते पेशंटचं. ते नाही सांगता येत."

आता बोला! विचारायला मी शिकवलं, स्टूल मी ओढायला लावलं, भुवया मी चिकटवल्या, आणि माल आला तर मला दाखवायचा नाही? अहो, विचारलेलं सांगायचं नसेल तर विचारायचं कशाला? मला वाटलं हे अजून कच्चं आहे पोरीचं, शिकेल हळूहळू. मी विचारलं तर चोंबडेपणा, तिनं विचारलं तर हुद्दा…

सोला, सोला. तो दाणा खाऊ नका, कचोरीला लागतो.

तर संक्रांत जवळ आली. बड़ी मैडम शेवटचा राउंड घेणार, स्वतः पाहणार आणि तिथंच ठरवणार, पद की पिंजरा. आणि नेमके त्याच्या आदल्या दिवशी आमचे हे, श्यामसुंदरराव, राइट टाउनला बँकेच्या रांगेत उभे उभे खाली बसले. चक्कर. दरदरून घाम. ऑटोत घालून आणलं लोकांनी, मी धावले, हॉस्पिटल कोणतं, तर मेघनाचंच. साखर एकदम खाली गेली म्हणे. ग्लुकोज लावलं, वर आली. थोड्या वेळानं परत खाली. अनुपम सर हैराण. यांना साखरेची गोळी आहे, एकच, लहान, ती मी देते रोज माझ्या हातानं. विचारलं डॉक्टरांनी, बाबूजी, और कुछ लेते हैं? यांनी तोंड उघडायच्या आत मी सांगितलं, काही नाही. नर्सनं विचारलं, मी सांगितलं, काही नाही. नाश्ता? मी सांगितलं. झोप? मी सांगितलं. अहो, चाळीस वर्षांचा संसार, यांच्या पोटात काय आहे ते यांच्यापेक्षा मला जास्त माहीत!

सकाळी राउंड आला. पुढे बड़ी मैडम, मागे अनुपम सर, मागे डॉक्टरांची पलटण, आणि शेवटी मेघना, पांढऱ्या कोटात. बड़ी मैडम म्हणाल्या, "मेघना, ये पेशंट आपके." मी मनात म्हटलं, देवा, पाव पोरीला, आणि पाव माझ्या कुंकवाला, दोघांचं एकदमच आणलंस. पोरीचं तोंड असं पांढरं पडलं, कारण पेशंट घरचाच, आणि चुकलं तर खिडकी. मी डोळ्यानं खुणा करून राहिले, स्टूल, स्टूल! तिनं ओढलं स्टूल. बसली. आणि माझ्याकडं वळून म्हणाली,

"काकू, तुम्ही जरा बाहेर बसा."

मी?

"काकांशी बोलायचंय. एकट्यांशी."

तुम्हाला सांगते, हे मी शिकवलं नव्हतं. शपथ घेते, मी नव्हतं शिकवलं. हे तिनं स्वतःचं काढलं! आणि पडदा ओढला. सर्र. मी बाहेर, बाकावर, आणि शेजारी बड़ी मैडम उभ्या, म्हणून कान पण लावता येईना. तरी ऐकू येतं तेवढं ऐकलं. आधी हिचा आवाज. मग यांचा, "काही नाही बेटा." मग… शांत. एकदम शांत. मी ओळखलं ना! ती गप्प बसून राहिली होती. माझी कोथिंबीर! मग यांचा आवाज सुरू झाला, हळूहळू, आणि थांबेचना. हे, जे माझ्याशी "हं" आणि "मीठ" एवढंच बोलतात, ते बोलून राहिले, बोलूनच राहिले… आणि मग हसले. हसले हो! खळखळून. मेघना पण हसली. आणि मी बाकावर, पदराचं टोक पिळत.

पडदा उघडला. मेघना आली, आणि सरळ डॉक्टरांना सांगितलं, की बाबूजी शहपुऱ्याच्या एका वैद्यांचं साखरेचं चूर्ण घेतात, सकाळ-संध्याकाळ, वर आपली गोळी चालूच आहे. दोन्ही मिळून साखर खाली ओढून राहिलेत. बंडीच्या आतल्या खिशात पुडी आहे. पुडी निघाली! मी ती बंडी आदल्याच दिवशी झटकली होती हो, पण आतला खिसा… आतल्या खिशात मी कधी हात घातला नाही. अनुपम सरांनी चूर्ण बंद केलं, संध्याकाळपर्यंत थांबून पाहू म्हणाले, आणि साखर थांबली. जागेवर थांबली. तेव्हा अनुपम सर स्वतः बड़ी मैडमला म्हणाले, "मैंने भी पूछा था, मैडम. मुझे नहीं बताया था. इनको ऊपर ही रखिए." तिथंच ठरलं. पद पक्कं.

शहपुरा! हे दर रविवारी शहपुऱ्याला जायचे, दोस्त आहे त्यांचा विष्णुपंत, त्याच्या शेतावरचे मटर आणायला. मी सगळ्या गल्लीला कौतुकानं सांगायची, माझ्यासाठी ताजे मटर आणतात इतक्या लांबून. आणि मटरच्या थैलीत खाली पुडी!

मी खाटेशी गेले. चांगलं तोंड सोडणार होते. म्हटलं, अहो, मला का नाही सांगितलं? तर हे म्हणाले, शांतपणे, सलाईनच्या हाताकडं पाहत,

"तू साऱ्या गल्लीला विचारतेस, सरोज. माझं तू सांगून टाकतेस. मला विचारतेस कुठं?"

…

हां. तो खडा आहे, दाणा नाही, फेका तो.

मग घरी आलो. सत्कार झाला मेघनाचा, शाल, नारळ, बड़ी मैडमचं भाषण, बोर्डावर नाव, वेगळी खोली. आता तर म्हणे खिडकीतल्या बाकीच्या दोघींना पण वर आणून राहिले, आणि त्यांना शिकवणार कोण, तर मेघना. माझीच विद्या! फार छान. पण माझ्या जिवाला एकच लागून राहिलं. चूर्ण कळलं, वैद्य कळला. पण हे हसले काहून? काय बोलले एवढं? यांना विचारलं… खरं विचारलं, स्टूल ओढून, आधी यांच्या भाच्याची चौकशी करून. तर हे माझ्या स्टूलकडं पाहत म्हणाले, "मेघनासारखं नको करू, तुला नाही शोभत." मग गेले तिच्याच खोलीत. डब्यात मटरची कचोरी, नियम सगळे पाठ. पाटी वाचली, दोनदा, चांगली पितळेची आहे. बसले. सासू कशी आहे विचारलं. माझ्या घरचं लहानसं उघडं केलं. आणि ती… ती काहीच बोलेना. नुसती पाहत राहिली, मायेनं, भुवई न हलवता. कचोरीचा एक तुकडा मोडला आणि हळूहळू खात बसली.

अहो, मला नाही सहन होत गप्प बसलेलं! माझ्या तोंडातून निघून गेलं, की थायरॉइडची गोळी मी चहासोबतच घेते, चहा थांबत नाही म्हणून… ती म्हणाली, अच्छा. मग गुडघ्याचं निघालं, की ती गोळी माझी नाहीच, माझ्या नणंदेची, कांचघरच्या रश्मीवन्सची आहे, त्यांचा गुडघा माझ्यासारखाच दुखतो म्हणून मी त्यांच्यातलीच घेते, आणि बदल्यात माझी ॲसिडिटीची त्यांना देते… अच्छा. मग आणखी काय काय निघालं ते तुम्हाला नाही सांगत. शेवटी तिनं पाणी दिलं, सगळ्या गोळ्या नीट लावून दिल्या, वन्सची गोळी आजपासून बंद, चहा गोळीनंतर पाऊण तासानं, आणि डबा धुऊन परत केला. गेले होते नवऱ्याचं काढायला, आले स्वतःचं सगळं ठेवून! जिन्यात आठवलं, ते हसले काहून ते तर राहिलंच. परत वर जाणार होते… पण बाहेर बाकावर लोक बसलेले, आणि आतून आवाज आला, गोड, "अगला."

मी विचारलं तर चोंबडेपणा, तिनं विचारलं तर हुद्दा… जाऊ द्या. झाली का टोपली? आता तुमच्यातल्या कोणाला काही माहीत असेल, हे त्या दिवशी काय बोलले, काहून हसले, तर मला… नाही, नको. मला नका सांगू. तिलाच जाऊन सांगा. खुर्ची तिच्याकडे आहे.